चिमटीचे वजन

संस्थेच्या तळमजल्यावर प्राणिगृह होते आणि प्राणिगृहाच्या टोकाला एक लांबट, खिडकी नसलेली खोली होती. त्या खोलीत एकतीस वर्षे एकच माणूस काम करत आला होता. त्याचे खरे नाव हजेरीपटावर होते. एरवी झाडूवालीपासून संचालकांपर्यंत सगळे त्याला मापाडी म्हणत. त्याचे काम एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते, पण चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तो उंदरांची लघवी मोजत असे.

त्यासाठी खास पिंजरे असत. तळाला तारेची जाळी, जाळीखाली काचेचे मोठे नरसाळे. लेंड्या नरसाळ्याच्या तोंडाशी बसवलेल्या काचेच्या बोंडावर आपटून एका बाजूला उडत, आणि लघवी काचेच्या अंगाने ओघळत दुसऱ्या बाजूच्या नळीत उतरे. नळीत आधीच तेलाचा पातळ थर घातलेला असे, म्हणजे उतरलेले पाणी हवेत उडून जाऊ नये. सकाळी आठ वाजता मापाडी नळी डोळ्यांसमोर धरी, तेलाखालची रेघ वाचे आणि वहीत लिही. वजन, खाणे, पाणी, लघवी असे चार रकाने, आणि शेवटी शेऱ्यासाठी पाचवा. प्यायलेले, उतरलेले आणि अंगात राहिलेले यांचा मेळ बसला नाही, तर तो आधी बाटलीची गळती शोधी, मग जाळी तपाशी, मग नळी. एकतीस वर्षांत त्याला लबाडी करणारा उंदीर भेटला नव्हता. चूक दर वेळी सामानाची निघे.

ही शिस्त त्याला प्रोफेसरबाईंनी लावली होती. बाई जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांची वाक्ये तो अजून जशीच्या तशी सांगे. "प्रत्येक जिवाच्या घरी दोनच कामं असतात रे. केर बाहेर टाकायचा आणि पाणी घरात ठेवायचं. पंचाईत एवढीच, की केर टाकायला पाणीच लागतं." मग एकेकाची तऱ्हा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी घुसतच असते, म्हणून तो दिवसभर ते बाहेर ओतत बसतो. बेडूक तोंडाने पीतच नाही, पोटाच्या कातडीने पितो. कबुतर तर पाणी दवडतच नाही. त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजेच त्याची लघवी. आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातला वाळवंटी उंदीर सगळ्यांत चिक्कू. कोरडे दाणे खाऊन अंगातल्या अंगात पाणी तयार करतो आणि दिवसाकाठी चार थेंब टाकतो, तेही काकवीसारखे दाट.

बाईंचा दुसरा नियम वहीचा होता. "खोडरबर या खोलीत येणार नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर काय बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. आणि ज्याने पाहिलं त्यानेही सही करायची. एका सहीची दुरुस्ती म्हणजे थाप."

घरी दोनच माणसे, तो आणि त्याची ताई. दोन खोल्या, एक न्हाणीघर. लग्नाचे दोघांचेही राहून गेले. आधी ताईचे त्याच्यासाठी, मग त्याचे ताईसाठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई अठराची. ती तयार शर्टांच्या कारखान्यात काज करायला लागली आणि अडतीस वर्षे काजेच करत राहिली.

काज विभागात चाळीस बायका होत्या आणि दाराजवळच्या खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला टांगलेला होता. बिल्ला घ्यायचा, संडासला जायचे, परत आणून टांगायचा. बिल्ला खिळ्यावर नसेल तर खाली मान घालून काज करायचे. त्यातून, दिवसात दोनदा बिल्ला घेतला की मुकादम सगळ्यांसमोर विचारी, "बाई, तुला झालंय तरी काय?" म्हणून बायकांनी आपला उपाय काढला होता. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचे नाही, आणि तिथे पोचले की शर्टाचे एक बटण जिभेखाली ठेवायचे. तोंड ओले राहते आणि तहानेचा विसर पडतो. लहानपणी मापाड्याला ताई घरी आली की तिच्या गालातले बटण दाताला लागून वाजलेले ऐकू येई.

संस्थेत लागल्यावर तो एकदा कौतुकाने म्हणाला होता, "ताई, तू आमच्या वाळवंटी उंदरासारखी आहेस. पाण्याशिवाय चालतं तुझं."

"मग मलाही पिंजऱ्यात ठेवा," ताई म्हणाली. "निदान बसून तरी राहीन."

अशी ही ताई एकोणसत्तराव्या वर्षी सुजली. आधी घोटे, मग पाय, मग डोळ्यांखालच्या पिशव्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मापाड्याला बाहेर बोलावून सांगितले, की दोन्ही मूत्रपिंडे थकली आहेत आणि मशीनवर घालण्याइतके हृदय धड नाही. गोळ्या होत्याच. बाकी सगळे घरच्यांच्या हातात होते. दिवसाला पाणी आठशे मिलिलिटर, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. मीठ जवळजवळ बंद. रोज वजन, रोज लघवीचे माप. "अंगात पाणी साचलं की ते फुप्फुसात चढतं," डॉक्टर म्हणाले. "एकदा चढलं तर काढू. पुन्हा पुन्हा नाही काढता येणार."

"मोजण्याची काळजी नको," मापाडी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच आपले काम घरी उपयोगी पडते आहे, असे त्याला वाटले.

त्याने नवी वही घातली. संस्थेतून मोडीत काढलेला वजनकाटा आणला आणि मोठे मोजपात्र आणले. सकाळी सहा वाजता ताई काट्यावर उभी राही, एका हाताने दाराची चौकट धरून.

"चौकट सोड. वजन कमी दिसतं."

"पडले तर?"

"मी आहे ना."

"तू आकड्याकडे बघत असतोस," ताई म्हणे आणि चौकट सोडे.

पहिले दोन दिवस त्याने डॉक्टरांच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे बिनमिठाचे रांधले. तिसऱ्या दिवशी ताईने वाटी सरकवून ठेवली. ती रागावली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्याने तिच्या वाटीतले उरलेले सूप चाखून पाहिले. कोमट, ओला कागद चघळावा तसे लागले. अडतीस वर्षे जिने याच्या पोटासाठी काजे केली, तिला शेवटी हे गिळायला लावायचे त्याच्या जिवावर आले. त्याने डबा उघडून चिमूटभर मीठ टाकले, ढवळले आणि वाटी पुन्हा पुढे केली. ताई उठून बसली. सगळे संपवले. "आता कसं माणसाचं जेवण झालं," म्हणाली.

तेव्हापासून चिमूट ठरली. अंड्यावर एक, दुपारच्या सुपात दोन, भाजीत दोन, संध्याकाळच्या भातात दोन. त्याला यात फारसे गैर वाटले नाही. अंग सुजते ते पाण्याने, आणि पाणी तर तो थेंबाथेंबाने मोजत होता. चिमटीला काय वजन असते? शिवाय त्याच्या वहीत मिठाचा रकाना नव्हता. आणि जे रकान्यात नाही त्याची काळजी करायची त्याला सवय नव्हती.

आठव्या दिवशी वजन आठशे ग्रॅमने वाढलेले दिसले. त्याने पुन्हा उभे केले. तेच. मोजपात्र तपासले, रात्रीचे आणि सकाळचे आकडे जुळवले. पाणी आठशे, लघवी साडेतीनशे, श्वासाने आणि घामाने जाणारे वेगळे. मेळ बसत नव्हता.

"ताई, तू वरून पाणी प्यायलीस?"

"तहान लागते रे बारक्या. घसा नुसता खरवडून निघतो."

"आठशेच सांगितलंय. कुठे प्यायलीस?"

"नळाला," ताई म्हणाली. "ओंजळीने. ओंजळ मोजता येत नाही ना तुला."

त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: चोरून प्यायली. आणि कामावर जाताना मोरीखालची मुख्य तोटी बंद करून तिची मूठ काढून खिशात घातली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, दोन्हीकडचे पाणी गेले. संडासासाठी बादली भरून ठेवली आणि तीत दोन झाकणे फिनेल ओतले. पलंगाशेजारी पिण्याची बाटली ठेवली, तिच्यावर दहा वाजताची, बाराची, दोनची अशा रेघा मारलेली.

त्या दिवशी चहाच्या वेळी प्राणिगृहातल्या झाडूवालीने त्याच्या खिशाकडे बोट केले. "मापाडी, नळाची मूठ कशाला घेऊन हिंडताय? घरचं पाणी कोणी पळवतंय की काय?"

"बहीण ऐकत नाही," तो म्हणाला. त्याने सगळे सांगितले.

झाडूवालीने थोडा वेळ चहा फुंकला. "माझी सासू अशीच होती. पण तुमची ताई तर बिनपाण्याची बाई ना? तुम्हीच सांगायचात. मग आता एवढी तहान कशी लागली तिला?"

"आजारात असतं," मापाडी म्हणाला. सामान तपासणाऱ्या माणसाने हा प्रश्न वहीत उतरवायला हवा होता. पण त्याने कप विसळला आणि तो पिंजऱ्यांकडे गेला.

अकराव्या दिवशी फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात भिंतीपर्यंत खरवडल्याच्या खुणा होत्या आणि आत चमचा राहिला होता. तेराव्या दिवशी पायाशी ठेवलेली गरम पाण्याची रबरी पिशवी सपाट पडलेली दिसली. ती त्याने उचलून हुंगली.

"ताई, हे रबराचं पाणी प्यायलीस?"

ताई छताकडे पाहत होती. तिच्या गालात काहीतरी वाजले.

"तोंडात काय आहे?"

तिने जीभ पुढे काढली. चार भोकांचे पांढरे बटण होते.

"कुठलं हे?"

"तुझ्या शर्टाचं. कफाचं काढलं. गळ्याचं नाही काढलं, कामावर जातोस."

"मी तुझ्या भल्यासाठीच करतोय ना हे सगळं?" त्याचा आवाज चढला. "तिथे मुक्या जनावरांना कळतं, तुला कळत नाही? सत्तरीला आलीस आणि चोऱ्या करतेस?"

ताईने बटण पुन्हा तोंडात घेतले. "तो मुकादमही माझ्या भल्यासाठीच विचारायचा," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी फारसे बोलली नाही. सव्वीस दिवसांत त्याने सात वेळा लिहिले: चोरून प्यायली. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी ती काट्यावर उभीच राहू शकली नाही. श्वास घेताना भांड्यात पाणी खदखदावे तसा आवाज येत होता.

इस्पितळात तिला पलंगावर बसते ठेवले, नाकाला नळी लावली, इंजेक्शने दिली. डॉक्टर वही चाळत होते. असली वही त्यांनी घरच्या माणसाकडून आलेली कधी पाहिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"फार छान ठेवलीय," ते म्हणाले. "मीठ किती देत होतात?"

"चवीपुरतं."

"म्हणजे किती?"

"चिमूटभर."

"एकदाच?"

मापाड्याने बोटांवर मोजले. मग म्हणाला, "सात वेळा."

डॉक्टरांनी वही मिटली. ते रागावले असते तर बरे झाले असते. "मीठ जेवढं पोटात जातं, तेवढं ते पाणी मागून घेतं," ते म्हणाले. "मीठ चालू ठेवून पाणी तोडलं तर माणूस तळमळतो. मनावर घेऊन थांबत नाही ती तहान."

मापाडी तिथून घरी गेला, मिठाचा डबा उचलला आणि तडक संस्थेत गेला. भर दुपारी त्याच्या खोलीतला दिवा लागलेला पाहून झाडूवाली डोकावली. त्याने सूक्ष्म काट्याच्या तबकडीवर कागद ठेवला होता, काटा शून्यावर आणला होता आणि समोर घरचा मिठाचा डबा उघडा होता. तो चिमूट घेत होता, कागदावर टाकत होता, आकडा लिहीत होता. हात मोठा, बोटे जाड. सात वेळा घेतली.

नऊ ग्रॅम आणि वर एक दशांश.

तो आकडा त्याने बराच वेळ पाहिला, कारण आकडा ओळखीचा होता. समोरच्या फळीवर काचेची मोठी बाटली होती आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी: मीठ नऊ ग्रॅम, पाणी एक लिटर. जिवंत मांस ज्यात सुकत नाही आणि फुगतही नाही, ते पाणी. एकतीस वर्षे दर सोमवारी त्याने ते स्वतः तयार केले होते. एवढ्या मिठाला एवढे पाणी लागते, हे त्याच्या हाताला झोपेतही सांगता आले असते. ताईच्या अंगात तो रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ नऊ ग्रॅम घालत होता, आणि तिचे अंग एक लिटर मागत होते. आपला साधा हिशेब पुरा करत होते. आणि त्याने तोटीची मूठ खिशात ठेवली होती.

"काय झालं?" झाडूवालीने विचारले.

"गळती सापडली," मापाडी म्हणाला.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी तो वही घेऊन ताईपाशी बसला. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. सवयीने त्याने तिची रेघ वाचली. रेघेला पोचण्याइतके काही नव्हते. ताई जागी होती. श्वास मोजून घेत होती, पण डोळे स्वच्छ होते.

"ताई, तू चोरी केली नाहीस."

"केली की. बर्फ खाल्ला, पिशवी प्यायले."

"ती तहान मी लावली तुला. मिठाने. डॉक्टरांनी बंद सांगितलं होतं, मी घालत राहिलो. आज वजन केलं. नऊ ग्रॅम निघालं."

नळीतून हवा सुं सुं करत होती.

"तेवढंच चवीचं होतं त्यात," ती म्हणाली. "ते काढलं असतंस तर मी आधीच गेले असते, कंटाळून."

"असं बोलू नको."

"मग काय बोलू? तुझी समजूत काढू? दम नाही आता."

त्याने वही उघडली, पेन काढले. वजन, खाणे, पाणी, लघवी या रकान्यांच्या डाव्या समासात त्याने एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिले: मीठ. मग आठव्या दिवसापाशी आला. चोरून प्यायली, यावर एकच रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. वर लिहिले: तहान. सही केली.

"काय करतोस?"

"दुरुस्ती. तूही सही करायची. दोन लागतात."

"कुणी ठरवलं?"

"बाईंनी."

"तुझ्या बाईंना मी कधी आवडले नाही," ताई म्हणाली, पण तिने हात पुढे केला. त्याने पेन तिच्या बोटांत बसवले, वही तिच्या गुडघ्यावर धरली. तिची सही कारखान्याच्या पगारपत्रकावर करायची तशीच होती, काजासारखी आखूड आणि घट्ट. अकराव्या दिवसाची. तेराव्या दिवसाची. प्रत्येक सहीनंतर ती डोळे मिटे आणि तो थांबे.

चौथ्या ठिकाणी तिने तारीख वाचून घेतली आणि मान हलवली. "या दिवशी नव्हते प्यायले. याच्या पुढल्या खेपेलाही नव्हते."

"वजन सातशेने वाढलं होतं."

"थंडी होती. आतून तुझा जुना स्वेटर घातला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कुठे? आकडा वाचलास, तोंड वाकडं केलंस आणि बूट घातलेस."

मापाड्याने चौथ्या ठिकाणी लिहिले: स्वेटर. पाचव्या ठिकाणीही: स्वेटर. दुसऱ्या वेळी अक्षर रकान्याबाहेर गेले. ताईने दोन्हीवर सही केली. पाचवी सही अर्ध्यातच वाकडी झाली.

"उरलेल्या उद्या," ती म्हणाली. "हात दुखला. आणि तेवढं एक कर. नर्सने बटण काढून घेतलंय. मागून आण."

त्याने नर्सकडे जाऊन बटण मागितले. नर्स म्हणाली, "श्वास लागलेल्या माणसाच्या तोंडात बटण देतात का कुणी? अडकेल ना." ते खरे होते. त्याने ते कागदाच्या पुडीत बांधून घेतले आणि परत येऊन ताईला खोटेच सांगितले, की सापडत नाही. ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले. तिने फडके दातांत धरले आणि चोखले. किती, ते त्याने मोजले नाही.

उद्या ती शुद्धीवर नव्हती. परवा दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली.

घरी आल्यावर त्याने मोरीखाली वाकून तोटीची मूठ बसवली. नळ सोडला. हवा खोकली, मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ. ते त्याने थोडा वेळ वाहू दिले आणि बंद केले. फिनेलची बादली ओतून पालथी घातली.

वही त्याने संस्थेत नेली आणि फळीवर, बाईंच्या जुन्या वह्यांच्या ओळीत, शेवटी लावली. मिठाचा रकाना त्याने पूर्ण भरला आहे. चौथ्या दिवसापासून पुढे रोज नऊ पूर्णांक एक. दुरुस्त्या सात आहेत. पाचांवर दोन सह्या आहेत. शेवटच्या दोनांवर एकच.